एफ, एम, बी आणि आपली दुरेघी वही

शाईच्या पेनाच्या निबेवर एक अक्षर कोरलेले असते. ईएफ म्हणजे अतिबारीक, एफ बारीक, एम मध्यम, बी जाड, बीबी त्याहून जाड. घेणारा ते अक्षर पाहून पैसे मोजतो. घरी लिहायला बसल्यावर त्याच्या लक्षात येते, की जुन्या पेनावरही एफच होते, पण या नव्या एफची रेषा जवळजवळ दीडपट आहे. यात कोणी कोणाला फसवलेले नसते. एफ हे माप नव्हेच. प्रत्येक कंपनीने आपल्या घरापुरती लावलेली ती प्रतवारी आहे आणि एकीची प्रतवारी दुसरीवर बंधनकारक नाही.

पूर्वी याने फारसे अडत नसे. मुंबईत फोर्टातल्या किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात निब शाईत बुडवून दोन ओळी लिहायच्या, हाताला बरे वाटले तर पेन घ्यायचे. आता पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे सोडल्यावर लागणाऱ्या निडीसारख्या गावातला लिहिणारा फोनवर फोटो पाहून पेन मागवतो. निब टेकवून पाहण्याची सोय त्याला नाही. त्याच्या हाती ते एक अक्षर असते, फार तर मिलिमीटरमध्ये दिलेला एखादा तक्ता. असे तक्ते आज चिकार आहेत, काही फार कष्टाने केलेले आहेत. पण ते बहुतेक रोमन लिपी लिहिणाऱ्यांनी रोमन लिपीसाठी केलेले आहेत, उरलेले जपानी माणसांनी कांजीसाठी. मराठी लिहिणाऱ्याने रेषेची जाडी आपल्या अक्षरातल्या सर्वांत अरुंद पोकळीवरून ठरवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तिथे पोचण्याआधी तक्ते काय सांगतात ते पाहून घेऊ.

युरोपीय घडणीच्या निबांत एफची रेषा साधारण ०.५ ते ०.६ मिमी, एमची ०.७ ते ०.८ आणि बीची ०.९ ते १ मिमीच्या आसपास पडते. जपानी निबा याच अक्षरांखाली साधारण एक पायरी बारीक असतात. तिथला एफ ०.४ मिमीजवळ, एम ०.५ जवळ, आणि ईएफ तर ०.३ पर्यंत उतरतो. सेलर (१९११), पायलट (१९१८) आणि प्लॅटिनम (१९१९) या तिन्ही जुन्या जपानी कंपन्या ज्या गिऱ्हाइकासाठी उभ्या राहिल्या, त्याला एकेका कांजी अक्षराच्या चौकटीत वीस-वीस रेघा बसवायच्या असत. युरोपीय एमने तसे अक्षर लिहिले, तर चौकटीत शाईचा डाग तेवढा उरेल. त्यामुळे ‘जपानी एम म्हणजे युरोपीय एफ’ हा पेनवेड्यांचा ठोकताळा बऱ्यापैकी खरा ठरतो. पण तो ठोकताळाच. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन एफ निबांतही थोडा फरक निघतो, कारण टोकावरचा कठीण धातूचा मणी घासून आकाराला आणण्याचे काम शेवटी हाताच्या अंदाजावर चालते.

काही कंपन्यांनी हा गोंधळ स्वतःहून टाळला आहे. लामीच्या चपट्या टोकाच्या निबांवर १.१, १.५, १.९ असे सरळ मिलिमीटर लिहिलेले असतात. पायलटच्या पॅरलल पेनावरही तसेच १.५, २.४, ३.८ आणि ६.० हे आकडे असतात. चपट्या टोकाला रुंदी असते, ती मोजता येते आणि रेषा तिच्या बरीच जवळ जाते. गोल मण्याचे तसे नाही. मणी कागदाला किती टेकतो आणि शाई किती पसरते, यांवर तिथली रेषा ठरते.

आर्किटेक्चरच्या किंवा यंत्र-आरेखनाच्या विद्यार्थ्याला हे सगळे विचित्र वाटेल. त्याच्या रॉट्रिंग पेनांवर ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० असे आकडे असतात आणि ०.३५ म्हटले की रेषा ०.३५ चीच यावी अशी अपेक्षा असते. ही मालिका आंतरराष्ट्रीय मानकातून आली आहे. प्रत्येक पुढची रेषा मागच्या रेषेच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी जाड. ए४ चा नकाशा ए३ वर मोठा केला, की प्रत्येक रेषा बरोबर पुढच्या मापाची होते, आणि त्याच पेनाने दुरुस्ती करता येते. गरजेतून निघालेले इतके नेटके माप लिहिण्याच्या पेनाला कधी मिळाले नाही, कारण लिहिणाऱ्याला प्रत्येक रेषा सारखी नकोच असते.

इथेच जेल पेनांचा एक गैरसमज दूर करायला हवा. त्यांच्या टोपणावरचा ०.५ किंवा ०.७ हा आकडा टोकातल्या गोळीचा व्यास असतो. रेषा त्याहून बारीक पडते, कारण गोळीचा पुरा व्यास कागदाला कधी टेकतच नाही. तेव्हा ‘मला ०.५ चे जेल पेन आवडते, म्हणून ०.५ रेषेची निब द्या’ असे म्हणणारा हमखास आपल्या सवयीपेक्षा जाड रेषा घरी आणतो. निबांच्या नावातल्या ५ आणि ६ या आकड्यांबद्दलही हेच. ते निबेच्या अंगाचे माप आहे, रेषेचे नव्हे. सहा नंबरची निब अतिबारीक लिहू शकते, पाच नंबरची जाड.

रेषा नेमकी कुठे जाड होते, हे समजले की तक्त्यांवरचा अवास्तव विश्वास कमी होतो. निबेच्या टोकावर ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा मणी डाख दिल्यासारखा बसवलेला असतो. स्वस्त निबांवर ‘इरिडियम पॉइंट’ असे आजही छापतात, पण आधुनिक मण्यात इरिडियम बहुधा नसते. मण्याच्या मधोमध चीर असते आणि निबेखालच्या जिभेवरून आलेली शाई त्या चिरेतून केशाकर्षणाने टोकापर्यंत उतरते. चीर थोडी मोकळी असली, तर शाई जास्त सुटते आणि तोच मणी जाड लिहितो; चीर आवळलेली असली, तर रेषा बारीक आणि कोरडी पडते. म्हणून कसबी माणूस मणी न घासताही, नुसती चीर सैल-घट्ट करून रेषेत फरक पाडतो.

त्यानंतर शाई. आपल्याकडे या विषयाचा इतिहास घरचाच आहे. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली गिरगावात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातून उंट छाप शाई आणि कॅम्लिन झाले. शाळेच्या दौतीत पाण्यात विरघळवलेली ती पूड महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या बोटांना लागलेली आहे. आज ती कंपनी जपानच्या कोकुयोच्या मालकीची आहे आणि तिचा एक कारखाना आमच्या रायगडात, पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. बंगालची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतून आलेली. या सगळ्या शाया दिसायला निळ्याच, पण वाहण्याच्या स्वभावात सारख्या नाहीत. ज्या शाईचा पृष्ठताण कमी, ती निबेतून सळसळत उतरते आणि कागदात पटकन शिरते. तिची रेषा रुंद. लोहयुक्त शाई, जिच्यासाठी भारतीय मानकांत आयएस २२० आहे, ती कागदाच्या तंतूंवर काळी पडत घट्ट बसते आणि सहसा कमी पसरते. त्याच पेनात रंगद्रव्याची पाणीदार निळी शाई भरली, तर एफची रेषा एमकडे झुकलेली दिसते. शाईचे नाव न सांगता केलेला रेषांचा तक्ता म्हणूनच अर्धाच तक्ता असतो.

कागदाचा वाटा त्याहूनही मोठा आहे आणि त्याबद्दल सर्वांत जास्त चुकीचे बोलले जाते. लोक जीएसएम, म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, विचारतात. जाड कागदावर शाई फुटत नाही, हा समज इतका पक्का आहे, की दुकानदारही तेच सांगतात. प्रत्यक्षात शाई फुटणे न फुटणे ठरते ते कागदाला दिलेल्या खळीवर, म्हणजे तंतूंमधल्या फटी बुजवणाऱ्या स्टार्चसारख्या लेपावर. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद अवघा ५२ जीएसएमचा, आरपार दिसेल इतका पातळ, पण त्यावर शाई जिथे ठेवाल तिथेच राहते. उलट झेरॉक्सच्या ७५ जीएसएम कागदावर तीच शाई कडांनी केसाळ होते. खळीचा पाण्याशी असलेला संबंध कोकणात दर वर्षी प्रत्ययाला येतो. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब असते, कपाटातल्या वह्या सादळतात, पानाचे कोपरे वाकतात. अशा दमट झालेल्या पानावर उन्हाळ्यात स्वच्छ लिहिणारी निब जाड आणि मऊ कडेची रेषा ओढते. पुण्यात किंवा सोलापुरात बसून केलेला तक्ता निडीत जुलै महिन्यात लागू पडेल, अशी अपेक्षाच ठेवू नये.

हात शेवटचा. सावकाश लिहिणाऱ्याची निब एका जागी जास्त वेळ टेकते, म्हणून जास्त शाई सोडते. पेन आडवे धरणाऱ्याचा मणी कागदाला जास्त पसरून लागतो. दाबाचा परिणाम निबेच्या लवचीकपणावर अवलंबून आहे. आजच्या बहुतेक पोलादी निबा खिळ्यासारख्या ताठ असतात, त्यांवर जोर देऊन रेषा फारशी रुंदावत नाही, निब मात्र वाकते.

मोजायचे असेल, तर त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. नेहमीच्या वहीत, नेहमीच्या शाईने, एकमेकींना नुसत्या चिकटतील अशा दहा उभ्या रेषा शेजारी शेजारी ओढाव्यात. मध्ये पांढरे राहू नये आणि रेषा एकमेकींवर चढूही नयेत. तयार झालेल्या पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजून तिला दहाने भागावे. सहा मिलिमीटर आले, तर रेषा ०.६ मिमीची. दुसरा मार्ग स्कॅनरचा. ६०० डीपीआयवर स्कॅन केले, की एक ठिपका ०.०४२ मिमीचा असतो. रेषेच्या रुंदीत किती ठिपके बसतात ते मोजले की झाले. पण आडव्या रेषा वेगळ्या मोजाव्यात आणि लिहिण्याच्या वेगानेच ओढाव्यात. पट्टी धरून सावकाश ओढलेली रेषा फक्त पट्टी धरून ओढलेल्या रेषेबद्दल सांगते.

आता आपल्या अक्षराकडे. मराठीच्या दुरेघी वहीत पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या मुलाला ओळीची उंची मुबलक मिळते, तिथे कोणतीही निब चालते. खरी परीक्षा पुढच्या इयत्तांच्या एकेरी वहीत होते. ओळींत सुमारे आठ मिलिमीटर अंतर. त्यात वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, म्हणजे अक्षराच्या अंगाला जेमतेम चार-पाच मिलिमीटर उरतात. रोमन लिपीत एम किंवा डब्ल्यू ही गर्दीची अक्षरे, पण ती आडवी पसरतात. आपली गर्दी उभी असते. ‘विठ्ठल’ लिहून पाहा. जुन्या वळणाने ठखाली ठ लिहिला, तर वरून खाली येताना शिरोरेषा, वरच्या ठच्या वर्तुळाचा माथा, त्याचा तळ, खालच्या ठचा माथा आणि तळ, अशा पाच रेषा आणि त्यांच्यामधल्या चार पोकळ्या भेटतात. हे सगळे पाच मिलिमीटरांत बसवायचे आहे असे धरू. रेषा ०.८ मिमीची असेल, तर पाच रेषांतच चार मिलिमीटर संपले. उरलेला एक मिलिमीटर चार पोकळ्यांत वाटला, तर प्रत्येकीला पाव मिलिमीटर. शाई जरा पसरली, की पोकळी बंद. रेषा ०.५ ची असेल, तर प्रत्येक पोकळीला ०.६ मिमीहून थोडे जास्त मिळते, आणि ०.४ ची असेल, तर पाऊण मिलिमीटर. म्हणजे रेषा निम्मी केल्यावर पोकळी दुप्पट नव्हे, तिप्पट होते. जाडीतला छोटा फरक देवनागरीत इतका मोठा का दिसतो, त्याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मूर्ती लहान झाली, की कुंचलाही बारीक घेतो. रेषेची जाडी तो डोळ्याच्या आकारावरून ठरवतो. लिहिणाऱ्याने तेच करायचे आहे. आपले अक्षर किती उंच आहे ते आधी मोजावे आणि मग निब निवडावी.

ठ्ठ हे एक उदाहरण झाले. ‘शुद्ध’मधला द्ध, ‘ब्रह्म’मधला ह्म, ‘राष्ट्र’मधला ष्ट्र ही सगळी उभ्या गर्दीची जोडाक्षरे. आडव्या गर्दीत ‘लक्ष्मी’ येते आणि ‘ळ’. मराठीत ळ पदोपदी येतो आणि त्याच्या दोन्ही पाकळ्या जाड निबेने लगेच बुजतात. शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल प्रमाण ठरवला. त्याची पाकळीही उघडी राहायला हवी असते. सर्वांत नाजूक जागा आहे ती ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ यांमधल्या अर्ध्या रची. ती छोटी कमान मराठीची खास खूण आहे. हिंदी लिहिणाऱ्याला तिची गरज पडत नाही, म्हणून हिंदीसाठी दिलेले सल्लेसुद्धा इथे पुरत नाहीत. कमान शिरोरेषेला आणि पुढच्या यला चिकटली, की ‘दऱ्या’ चुकीचे वाचले जाते. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा गोंधळ तर जुनाच. खच्या दोन भागांना खाली जोडणारी रेघ जाड निबेत वळणात विरघळते.

शिरोरेषा हा वेगळा विषय आहे आणि तो कुठल्याच परदेशी तक्त्यात येत नाही. बहुतेक जण शब्द पूर्ण करून मग वरून रेघ मारतात. त्या क्षणी खालच्या प्रत्येक काना आणि दंडाचे वरचे टोक अजून ओले असते. शिरोरेषा ओढताना निब त्या ओल्या टोकांवरून जाते, दोन शाया एकत्र येतात आणि जोडावर छोटी गाठ पडते. शाई जास्त सोडणाऱ्या निबेने लिहिलेल्या मराठी मजकुरात अक्षरांचे माथे जड दिसतात, ते या गाठींमुळे. त्यातून शिरोरेषा वेगाने ओढली जाते, म्हणून ती स्वतः उभ्या रेषांहून किंचित बारीक असते. शब्दागणिक रेघ मारणाऱ्याने कमी शाई सोडणारी निब घ्यावी. शिरोरेषा न देता लिहिणाऱ्याला अर्धी पायरी जाड निब सहज चालते. मोडी लिहिणारे याच्या नेमके उलट करत. पानभर शिरोरेषा आधी आखून घेत आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकवत जात. रेघ तोवर वाळलेली असे.

मोडी निघालीच आहे, तर बोरूपाशी थांबायला हवे, कारण रेषेची जाडी या प्रश्नाची दुसरी आणि जास्त सुंदर बाजू तिथे आहे. आतापर्यंत एकच आकडा धरून बोललो, जणू रेषा सर्व दिशांना सारखीच जाड असते. बोरूची रेषा तशी नसते. त्याचे टोक चपटे आणि तिरपे तासलेले असते, त्यामुळे एका दिशेला रेषा भरगच्च आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेला केसासारखी. रोमन लिपीत जाड रेषा वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातात. देवनागरीत हे उलटे आहे. वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येणारी रेषा जाड, दुसरी बारीक. तच्या बाकावर ते स्पष्ट दिसते. दंडापासून निघून डावीकडे उतरताना रेषा भरते आणि शेवटी उजवीकडे वळताना निमुळती होते. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या खिळ्यांत हाच तोल धरलेला आहे, कारण ते खिळे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बोरूचेच अक्षर होते.

बाजारातल्या खास कटाच्या निबा या कसोटीवर तपासल्या, तर निकाल असा लागतो. चपट्या सरळ टोकाची स्टब निब उभ्या रेषा जाड आणि आडव्या बारीक देते. देवनागरीत काना, दंड भारदस्त होतात आणि शिरोरेषा हलकी राहते. मूळ वळणाचा तोल मिळत नाही, पण पान शोभते आणि पत्रांसाठी ही निब मला फार आवडते. आर्किटेक्ट म्हणून मिळणारी निब आडव्या रेषा जाड करते. आपल्याकडे ती शिरोरेषेला अक्षरांच्या डोक्यावर बसवते, म्हणून ती टाळावी. ऑब्लिक म्हणजे तिरप्या टोकाच्या निबा डाव्या आणि उजव्या अशा दोन जातींच्या. टोक वर करून पाहिले असता ज्या निबेची उजवी बाजू आखूड दिसते, ती देवनागरीच्या दिशेची. मात्र कारखान्यातला तिरपेपणा साधारण १५ अंशांचा असतो आणि आपल्या लिपीला त्याहून पुष्कळ जास्त लागतो. उरलेले काम हात फिरवून करावे लागते. वाकड्या टोकाची फुदे आणि सेलरची नागिनाता-तोगी या निबा पेन उभे-आडवे करण्याने जाडी बदलतात. कांजीसाठी त्या उत्तम आहेत, पण मराठी सलग लिहिताना पेनाचा कोन सतत सांभाळावा लागतो आणि लिहिण्याचा ओघ तुटतो.

डावखुऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट इथे आहे. ओळीच्या खाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्याच्या हातात सरळ कापलेली चपटी निब आपोआप देवनागरीच्या दिशेला लागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला जे वळण तिरपा कट घेऊन मिळवावे लागते, ते त्याला फुकट मिळते. शाळेत ज्या मुलांना हात बदलायला लावला गेला, त्यांच्या गुरुजींना हे कोणी सांगितले नव्हते.

या जाड-बारीक तोलाचे शास्त्र महाराष्ट्रात गांभीर्याने जपले गेले आहे. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने काढला. र. कृ. जोशी यांनी संगणकावरचा मंगल हा टंक घडवला आणि हाताच्या अक्षराची शिकवण पुढच्या पिढीला दिली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले अच्युत पालव नवी मुंबईत सुलेखन शिकवतात. संविधानाच्या हस्तलिखिताची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ३०३ क्रमांकाच्या निबा वापरून लिहिली आणि अशा शेकडो निबा झिजवल्या. त्या ३०३ चा रेषेच्या जाडीशी काही संबंध नाही, तो कारखान्याचा क्रमांक आहे. टाकाला लावायची ती टोकदार, लवचीक निब. हलक्या हाताने केसासारखी रेषा देते, दाबले की रुंदावते. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली आणि तिला पुण्याच्या हातकागद केंद्राचा कागद वापरला गेला. त्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोन लिप्यांना रेषेकडून काय काय वेगळे हवे असते, ते कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगले कळते.

सहीचा मामला निराळा. तिथे पोकळ्या मिटल्या तरी बिघडत नाही, ओळख टिकली पाहिजे. रोह्याशी घरचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, तेव्हाच्या नोटांवर त्यांची सही असे. ती लहान करून छापली तरी ठसठशीत उरावी लागते. सहीसाठी एम किंवा बी घ्यावा, त्यात संकोच करू नये.

रोजच्या मराठी लेखनासाठी माझा कौल ०.४ ते ०.५ मिमीला आहे. म्हणजे युरोपीय पेनात ईएफ, जपानी पेनात एफ किंवा एम. जपानी ईएफ इतका बारीक असतो, की आपल्या साध्या वहीच्या खरखरीत पानात टोक रुतते, तंतू उचलते आणि मुलाला वाटते की पेन बिघडले. अक्षर मोठे असेल, सहा मिलिमीटरच्या वर, तर ०.६ ते ०.७ खुशाल घ्यावे. तिथे बारीक रेषा अक्षराला कुपोषित करते. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या डोळ्यांचाही विचार व्हावा. फिकट निळी शाई आणि ०.३ ची रेषा असे पान तासनतास वाचणे हा त्रास आहे. पावसाळ्यात एक पायरी बारीक निब किंवा कमी वाहणारी शाई ठेवावी. दोन्ही बदलण्याची गरज नाही.

आणि पेन विकणाऱ्यांना एक विनंती. निबेवरच्या अक्षराचा फोटो पाठवू नका. साध्या एकेरी वहीच्या पानावर, शाईचे नाव लिहून, त्या पेनाने ‘विठ्ठल’, ‘शुद्ध’, ‘दऱ्या’ आणि ‘खळे’ असे चार शब्द शिरोरेषेसह लिहा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि त्या पानाचा फोटो पाठवा.